बाल न्याय मंडळातले गोपनीय कागद आणि बचाव पक्षाचा वकील

गोव्यात फोंड्याला वकिली करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत. पहिल्या प्रकरणात त्यांचा अशील साडेसोळा वर्षांचा मुलगा आहे. गुन्हा मोठा आहे आणि प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे मुलाला प्रौढ म्हणून खटल्याला उभे करायचे की नाही हे ठरवणारी मंडळापुढची तपासणी, व्हायचे आहे. प्रोबेशन अधिकाऱ्याचा आणि मानसतज्ज्ञाचा अहवाल मागितला, तर मंडळाने 'कलम ९९ नुसार गोपनीय' एवढेच लिहून अर्ज फेटाळला. दुसरे प्रकरण सत्र न्यायालयातले आहे. तिथे ते एका प्रौढ आरोपीसाठी उभे आहेत. त्याच घटनेतला चौथा आरोपी अल्पवयीन निघाला, त्याची चौकशी बाल न्याय मंडळापुढे वेगळी चालली आणि साक्षीदार मात्र तेच. मंडळापुढे झालेल्या साक्षींच्या नकला त्यांना हव्या आहेत, आणि त्या मुलाच्या जुन्या नोंदीही मिळाल्या तर हव्या आहेत.

दोन्हीकडे आडवी येते ती गोपनीयताच. पण पहिल्या प्रकरणात ती तुमच्या अशिलाची आहे आणि दुसऱ्यात परक्या मुलाची. पहिल्या ठिकाणी हक्काने मागायचे आणि दुसऱ्या ठिकाणी मोजके, नेमके मागायचे. दोन्हीकडे एकाच साच्यातला अर्ज टाकला की दोन्हीकडे नकार येतो.

मूल्यांकनाच्या कागदांसाठी भांडण्याआधी मूल्यांकन करता येते का, ते पाहा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम १५ चे मूल्यांकन फक्त निर्घृण अपराधात होते, आणि तेही मुलाची सोळा वर्षे पूर्ण झाली असतील तरच. ज्या अपराधाला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे तो निर्घृण. जास्तीत जास्त शिक्षा मोठी असली तरी किमान सात वर्षे नसेल, तर तो या व्याख्येत बसत नाही. शिल्पा मित्तल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये हे स्पष्ट केले आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आले. भारतीय न्याय संहितेतले खुनाच्या प्रयत्नाचे कलम १०९ घ्या. शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, पण किमान सात वर्षांची अट नाही. तिथे मूल्यांकनाचा प्रश्नच येत नाही. तरीही पोलिसांनी 'मोठा गुन्हा' म्हटले म्हणून सगळे त्या वाटेला लागलेले मी पाहिले आहे. वयाचेही तसेच. कलम ९४ नुसार आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तो क्रम उलटू देऊ नका.

आता कलम ९९. पहिले पोटकलम म्हणते की मुलाविषयीचे जे अहवाल मंडळ किंवा बाल कल्याण समिती विचारात घेते ते गोपनीय मानावेत. नकार देणारा आदेश बहुतेक वेळा इथेच थांबतो. पण त्याच्या खाली परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारे वाक्य, आहे. अहवालातला आशय मुलाला, त्याच्या आईवडिलांना किंवा पालकाला कळवता येतो आणि त्यातल्या मजकुराबाबत पुरावा देण्याची संधीही देता येते. कायद्याने मुलाला त्याच्याच अहवालापुढे परका ठरवलेले नाही. मंडळाला 'योग्य वाटल्यास' असे शब्द आहेत हे खरे, पण योग्य काय हे ठरवताना मंडळाने कलम ३ मधली तत्त्वे समोर ठेवायची असतात. त्यात मुलाचा सहभाग आहे, आणि नैसर्गिक न्यायाचे तत्त्व तर शब्दशः आहे: निष्पक्ष सुनावणीचा हक्क, पूर्वग्रहाविरुद्धचा नियम आणि फेरतपासणीचा हक्क. अर्जात ही दोन्ही कलमे एकत्र मांडा. नुसते ९९ चे परंतुक दाखवले तर मंडळ 'आमच्या मर्जीवर आहे' असे म्हणून मोकळे होते.

कलम ९९ चे दुसरे पोटकलमही वाचून दाखवा. पीडित व्यक्तीला तिच्या प्रकरणाची नोंद, आदेश आणि संबंधित कागद नाकारता येणार नाहीत, असे ते सांगते. तो हक्क योग्यच आहे, त्याला विरोध करू नका. पण ज्याला प्रौढ म्हणून खटल्याला उभे करायचे की नाही हे त्या कागदांवर ठरणार आहे, त्याच्याच वकिलाला ते दिसू नयेत, असा अर्थ त्या कलमातून काढता येईल असे मला वाटत नाही.

तपासाच्या कागदांबाबत तर वाद असूच नये. २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम १०(५) सांगतो की सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण अपराधाचा आरोप असेल, तर पोलिसांनी साक्षीदारांचे जबाब आणि तपासातले इतर कागद मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून एका महिन्यात मंडळापुढे ठेवायचे, आणि त्याची प्रत मुलाला, आईवडिलांना किंवा पालकाला द्यायची. ही प्रत कुणाच्या मर्जीवर नाही. नियम १०-अ मध्ये मूल्यांकन करताना मुलाला निर्दोष मानण्याची तरतूद आहे. आदेश कारणांसह लिहायचा आणि त्याची प्रत मुलाला लगेच द्यायची, हेही त्यातच आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत तुमच्या उपयोगाचा सगळ्यात जवळचा निकाल जुलै २०२२ चा, बरुणचंद्र ठाकूर विरुद्ध मास्टर भोलू. गुरुग्रामच्या एका शाळेतल्या २०१७ च्या खुनाचे ते प्रकरण. मुलाच्या बाजूला कागद मिळाले नाहीत, बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली नाही, ही तक्रार त्यात मध्यवर्ती होती. मूल्यांकन पुन्हा करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. शिवाय असेही सांगितले की मंडळात बालमानसशास्त्राची किंवा मानसोपचाराची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नसेल, तर अनुभवी तज्ज्ञाची मदत घेणे हे ऐच्छिक राहत नाही. निकाल सोबत जोडा आणि नेमक्या परिच्छेदांवर खूण करा. मंडळात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात. त्यांनाही वाचता येईल अशा भाषेत दोन ओळींचा गोषवारा लिहा.

अमेरिकेत हाच प्रश्न १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. वॉशिंग्टनमधल्या सोळा वर्षांच्या मॉरिस केंटचे प्रकरण बाल न्यायालयाने सुनावणी न घेताच प्रौढांच्या न्यायालयाकडे पाठवले, आणि त्याची सामाजिक फाइल वकिलाला पाहू दिली नाही. न्यायालयाने ते मान्य केले नाही. मुलाला प्रौढांच्या न्यायालयात पाठवण्याचा निर्णय ज्या फाइलवर घ्यायचा ती वकिलाने पाहिली पाहिजे, असे त्या निकालाने सांगितले. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, पण आपले कलम १५ ज्या वळणावर उभे आहे ते अगदी तेच वळण आहे, म्हणून युक्तिवादात तो चपखल बसतो.

अहवाल हातात आल्यावर करायचे काय, यावर मला जास्त बोलायचे आहे. कारण हक्क मिळवून अहवाल नीट न वाचणारे वकीलही आहेत. सामाजिक तपास अहवाल नमुना ६ मध्ये असतो आणि तो मुलाला हजर केल्यापासून पंधरवड्यात यायचा असतो. घर, शाळा, मित्र, सवयी, मारहाण, व्यसन, सगळे त्यात येते. एका प्रकरणात अहवालात लिहिले होते की वडील कुटुंबात नाहीत आणि घरात मुलावर देखरेख नाही. कलम १२ नुसार जामीन नाकारण्याचा पाया तोच झाला होता, कारण मुलाला सोडले तर तो धोक्यात येईल असे म्हणायला ते वाक्य पुरते. प्रत्यक्षात वडील तारवटी, म्हणजे खलाशी. कंत्राटावर जहाजावर होते, दर महिन्याला पैसे येत होते, रोज रात्री मुलाशी फोनवर बोलणे होत होते, आणि घरात आजी व थोरले काका राहत होते. भेटीच्या दिवशी दारात आजी एकटी होती, तिने कोकणीत 'बापूय हांगा ना' (बाप इथे नाही) म्हटले आणि त्याचे 'वडील नाहीत' झाले. अहवाल लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. जहाजाचे कंत्राट, बँकेचे पासबुक आणि काकांचे प्रतिज्ञापत्र जोडल्यावर मुलगा घरी गेला. ते वाक्य आम्हाला वाचायलाच मिळाले नसते, तर खोडून काय काढणार होतो?

मानसतज्ज्ञाचा अहवाल, मग तो बांबोळीच्या मनोविकार संस्थेतल्या डॉक्टरांचा असो की मंडळाने बोलावलेल्या समुपदेशकाचा, वाचताना निष्कर्षापासून सुरुवात करू नका. चाचणी कोणती दिली, कोणत्या भाषेत दिली, मुलाखत किती वेळ चालली, घटनेनंतर किती दिवसांनी झाली, मुलासोबत कोण बसले होते, हे आधी पाहा. आपल्याकडे मुलगा घरी कन्नड बोलतो, वाड्यावर कोकणी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी, आणि प्रश्नपत्रिका भलत्याच भाषेत असते. त्यातून 'बुद्धिमत्ता सर्वसाधारण' किंवा 'परिणामांची जाणीव आहे' असे एका ओळीचे निष्कर्ष निघतात. कलम १५ ने तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या आहेत: अपराध करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि घटना घडली तेव्हाची परिस्थिती. अहवालाने तिन्हींचे उत्तर दिले आहे की एकाचेच, ते तपासा. बुद्ध्यांक हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

नमुना ६ मध्ये 'घटनेतील कथित भूमिका' असाही रकाना आहे. मूल प्रोबेशन अधिकाऱ्याशी विश्वासाने बोलते, आणि ते बोलणे त्या रकान्यात कबुलीसारखे उतरते. पहिल्याच तारखेला लेखी हरकत घ्या की हा मजकूर पुनर्वसनासाठी आहे, दोष सिद्ध करण्यासाठी नाही. हे नंतर करू म्हणून सोडले तर त्या रकान्यावर आधारलेली वाक्ये थेट मूल्यांकनाच्या आदेशात सापडतात.

इथे मंडळाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते, कारण ती खरी आहे. त्याच अहवालात कधी कधी मुलाने सावत्र बापाच्या मारहाणीविषयी किंवा नात्यातल्या कुणी केलेल्या छळाविषयी सांगितलेले असते. तुमची फी तोच बाप भरत असतो. अहवालाची प्रत त्याच्या हातात गेली, तर घरी परतल्यावर त्या मुलाचे काय होईल, याचा विचार मंडळ करते तेव्हा ते बरोबरच करते. वकालतनाम्यावर सही पालकाची असली तरी तुमचा अशील मूल आहे. म्हणून अर्जात पर्याय द्या: आधी वकिलाला एकट्याला मंडळाच्या दालनात फाइल पाहू द्यावी, टिपणे काढू द्यावीत, आणि पालकाला काय कळवायचे ते मंडळाने नंतर ठरवावे. सोबत हमीपत्र द्या. निव्वळ 'प्रत द्या' म्हणणाऱ्या अर्जापेक्षा असा अर्ज मंजूर होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि मुलाच्या दृष्टीने तो चांगलाही असतो.

एवढे करूनही नकार आला तर आदेश लेखी घ्या, रोजनाम्यात नोंद करायला लावा. कलम १०२ खाली पर्वरीला उच्च न्यायालयात पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो. मूल्यांकनाचा आदेशच झाला असेल तर कलम १०१(२) खाली सत्र न्यायालयात अपील आहे, मुदत तीस दिवस, आणि कागद नाकारले हा त्या अपिलातला पहिला मुद्दा असू द्या. मूल्यांकन तीन महिन्यांत संपवायचे असते. ती मुदत मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात म्हटले. त्यामुळे 'मुदत संपत आली, आता कागद कुठे देत बसू' या उत्तराला आता आधार उरलेला नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. कलम २३ मुळे मूल आणि प्रौढ यांचे एकत्र प्रकरण चालत नाही, म्हणून एकच साक्षीदार दोन ठिकाणी साक्ष देतो. मंडळापुढे त्याने 'अंधार होता, चेहरे दिसले नाहीत' म्हटले आणि सत्र न्यायालयात तुमच्या अशिलाकडे बोट दाखवले, तर आधीची साक्ष तुम्हाला हवीच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ खाली आधीच्या लेखी कथनाने साक्षीदाराला खोडून काढायचा हक्क आहे, आणि ते कथन समोर नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो. ही मागणी रास्त आहे. शिवाय साक्ष म्हणजे कलम ९९ मधला 'मुलाविषयीचा अहवाल' नव्हे. कलम ७४ वर्तमानपत्र, दृक्श्राव्य माध्यमे आणि संवादाच्या इतर प्रकारांतून मुलाची ओळख उघड करायला मनाई करते. न्यायालयाने दुसऱ्या न्यायप्रक्रियेतली साक्ष मागवून घेण्याला नाही. सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली अर्ज करा: अमुक साक्षीदाराची अमुक तारखेची साक्ष, मुलाचे नाव, पत्ता, शाळा झाकून, सीलबंद मागवावी. साक्षीदाराचे नाव आणि तारीख लिहा. 'संपूर्ण अभिलेख मागवावा' असे लिहिलेत की सरकारी वकील 'ही मासेमारी आहे, काही हाती लागते का ते पाहायला जाळे टाकले आहे' म्हणून विरोध करतील, आणि तो विरोध टिकेल.

त्या मुलाच्या जुन्या नोंदी मात्र मागू नका. तो तुमच्या खटल्यात साक्षीला आला तरीही, आधी कधी तो मंडळापुढे उभा राहिला होता एवढ्यावरून त्याची साक्ष खोटी ठरत नाही. पोलिसांना अशी नोंद उघड करायला कलम ७४(२) मनाई करते. अपिलाची मुदत किंवा सात वर्षे उलटल्यावर नियम १४ प्रमाणे त्या नोंदी नष्टच करायच्या असतात. अपवाद म्हणजे सोळा वर्षांवरच्या मुलाला निर्घृण अपराधात प्रौढ म्हणून चालवून बाल न्यायालयाने दोषी धरलेले असेल तेव्हाचा. पोलीस ठाण्यातल्या ओळखीच्या माणसाकडून ती माहिती काढू पाहणारे वकील आपल्यात आहेत. हे करू नका. पोलिसांनी ती देणेच कायद्याविरुद्ध आहे, आणि मुलाची ओळख माध्यमांतून उघड केली तर तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अपवाद आहे, पण अरुंद आहे. साक्षीदाराला खोटे बोलायला नेमके कारण असेल तर. म्हणजे त्याचेच प्रकरण मंडळापुढे प्रलंबित आहे आणि पोलिसांना खूश ठेवण्यात त्याचा फायदा आहे, असे दाखवता आले तर. १९७४ च्या डेव्हिस विरुद्ध अलास्का या निकालात अमेरिकी न्यायालयाने हेच पाहिले. मुख्य साक्षीदार बाल न्यायालयाच्या प्रोबेशनवर होता आणि संशय स्वतःवर येऊ नये म्हणून तो आरोपीकडे बोट दाखवत असेल, हे विचारायला बचावाला मुभा हवी असे ठरले. चारित्र्य काळे करायला ती मुभा नव्हती. पुढे १९८७ च्या रिची प्रकरणात बालसंरक्षण खात्याची फाइल बचाव पक्षाने स्वतः चाळायची नाही, न्यायाधीशांनी एकट्याने पाहून कामाचे तेवढे द्यावे, हा मार्ग निघाला. आपल्याकडे २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा कागदपत्रांचा हक्क आणि पीडितेची गोपनीयता यांचा तोल असाच साधला: अत्याचाराचे चित्रण असलेल्या मेमरी कार्डची प्रत नाही, पण वकिलासह पाहणी करू दिली. या विचारावर अर्ज बेतता येतो: न्यायाधीशांनी आधी स्वतः पाहावे, आणि फक्त हेतूशी संबंध असलेला भाग द्यावा. गोवा बाल कायदा २००३ खालच्या पणजीच्या बाल न्यायालयात तुम्ही आरोपीकडून उभे असाल आणि पीडित मुलीची बाल कल्याण समितीतली फाइल हवी असेल, तर तिथेही हीच पद्धत. तिचा सगळा भूतकाळ मागणारा अर्ज मी स्वतः कधीच करणार नाही.

कागद मिळाल्यावर ते सांभाळणे हे कामाचा निम्मा भाग आहे. कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात अहवाल ठेवून चहाला जाऊ नका. कारकुनाच्या मोबाइलवरून फोटो पाठवणे बंद करा. उच्च न्यायालयातल्या अर्जात मुलाचे नाव घालू नका, आद्याक्षरेही नकोत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक, आईमार्फत' असे लिहा. शिल्पा मित्तल प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालात मुलाचे नाव आले होते, ते काढून टाकायला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, यावरून किती सहज राहून जाते ते कळेल. आणि आपले राज्य लहान आहे. नाव झाकले तरी 'काणकोणच्या अमुक वाड्यावरचा, वडील टॅक्सीवाले, अमुक हायस्कूलचा' एवढ्यावर सगळा गाव मुलाला ओळखतो. झाकायचे ते हेही झाका.

सहकाऱ्यांनी विचारलेले नाही, पण अशाच मुलांचे आईवडील पुढे विचारतात म्हणून लिहिते. मुलगा वीस-बावीस वर्षांचा झाला, जहाजावर किंवा परदेशी नोकरीला निघाला, आणि पोलिसांच्या दाखल्यात जुने प्रकरण उगवले. कलम २४ प्रमाणे अशा निष्कर्षामुळे कोणतीही अपात्रता येत नाही, याला अपवाद वर सांगितलेलाच, आणि ७४(२) मध्ये चारित्र्य दाखल्याचा उल्लेख नावासकट आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातल्या भरतीच्या रमेश बिश्नोई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला, तो जोडून पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. त्याहून चांगले म्हणजे प्रकरण निकाली निघते त्याच दिवशी नोंदी नष्ट करण्याचा आदेश मंडळाकडून मागून घ्या, त्याची एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, आणि ती पोच मुलाच्या आईला जपून ठेवायला सांगा.